जॅझ कोल्ट्रेनपाशी संपत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जॅझवर मोठा लेख आला होता तो आवडला, म्हणजे तीन चतुर्थांश आवडला. लुई आर्मस्ट्राँग, चार्ली पार्कर, माइल्स डेव्हिस, मग तीसच्या दशकात आपल्या ताजमहाल हॉटेलात वाजणारे बँड, १९७८ ची पहिली जॅझ यात्रा (मुंबईतला जॅझ महोत्सव) आणि तिला आलेला सॉनी रोलिन्स, सगळं छान जमून आलंय. पण शेवटच्या परिच्छेदात एकाच वाक्यात पुढचा सगळा विषय उडवून लावलाय, की सॅक्सोफोनवाला जॉन कोल्ट्रेन १९६७ मध्ये गेला आणि त्यानंतर जॅझचा नुसता गोंगाट झाला. हे काही पटलं नाही. आणि त्यावर पुढच्या रविवारी एका वाचकाचं पत्र छापलंत, की आयत्या वेळी सुचेल तसं वाजवणं आपल्याकडे शेकडो वर्षांपासून आहे, त्यात पाश्चात्त्यांनी काय नवीन केलं. ते तर अजिबातच पटलं नाही, म्हणून हे लिहितोय, जरा लांबेल.

गोंगाट म्हणणाऱ्यांसाठी एकच माणूस पुढे करतो, एव्हन पार्कर. चार्ली नव्हे, हा इंग्लंडातला, जन्म १९४४, ब्रिस्टलचा, सोप्रानो (पातळ, उंच आवाजाचा) आणि टेनर (जाड आवाजाचा) असे दोन सॅक्सोफोन वाजवतो. बर्मिंगहॅमला वनस्पतीशास्त्र शिकायला गेला आणि ते सोडून सॅक्सोफोनच्या मागे लागला. पोरवयात न्यूयॉर्कला जाऊन पियानोवाल्या सेसिल टेलरला प्रत्यक्ष ऐकून आला होता आणि कोल्ट्रेनचा तर भक्तच. कोल्ट्रेनसारखं वाजवणारे हजार झाले, पण याने कोल्ट्रेनचं जिथं अर्धवट राहिलं होतं तिथून धागा उचलला असं माझं मत आहे, जाणकारांनी हवं तर भांडावं.

आता १९६८ हे एकच साल घ्या. फेब्रुवारीत लंडनमध्ये स्पॉन्टेनियस म्युझिक एन्सेम्बल नावाच्या पाच जणांच्या ग्रुपने 'कॅरिओबिन' रेकॉर्ड केला, ड्रमवर जॉन स्टीव्हन्स, गिटारवर डेरेक बेली, ट्रम्पेट आणि फ्लुगलहॉर्न केनी व्हीलर, बेसवर डेव्ह हॉलंड आणि सॅक्सोफोनवर आपला पार्कर. हे इतकं हळू, इतकं एकमेकांचं ऐकत ऐकत वाजवलंय की कोणी एकजण पुढे येऊन आपली हुशारी दाखवतोय असं कुठेच होत नाही. आणि मे महिन्यात हाच पार्कर जर्मनीत ब्रेमेनच्या लिला ऑयले क्लबमध्ये तिथल्या पीटर ब्रोट्झमन या सॅक्सोफोनवाल्याच्या आठ जणांत उभा, तीन सॅक्सोफोन, दोन बेस, दोन ड्रमवाले आणि एक पियानो, अल्बमचं नाव 'मशीन गन', आणि नावाप्रमाणेच आहे, पहिल्या सेकंदापासून गोळीबार. ब्रोट्झमनने तो स्वतःच्याच खर्चाने ३०० कॉपी काढून विकला होता. म्हणजे बघा, एकच माणूस, तीन महिन्यांचं अंतर, एक रेकॉर्ड कुजबुजीची आणि एक कान फोडणारी. मग तुमचे लेखक म्हणतात तो गोंगाट नक्की कुठला? बहुतेकांचं असं होतं की कुणीतरी फ्री जॅझ (आधी ठरवलेली धून, लय नसलेलं जॅझ) म्हणून थेट 'मशीन गन' लावून देतो, दोन मिनिटांत माणूस बंद करतो आणि आयुष्यभरासाठी मत तयार. ख्यालाची ओळख करून द्यायला कोणी थेट द्रुतच्या शेवटच्या तानांपासून सुरू करतं का?

म्हणून कुठून सुरू करावं ते सांगतो. पार्करचे सोलो रेकॉर्ड. एकटा माणूस आणि एक सोप्रानो सॅक्सोफोन, बस्स, दुसरं काही नाही. पहिला १९७५ चा, 'सॅक्सोफोन सोलोज', लंडनच्या युनिटी थिएटरमध्ये आणि थोडा बर्लिनला रेकॉर्ड झालेला. त्यात तो अजून आवाज चाचपून बघतोय, किंचाळी, खरखर, चिवचिव, सगळं सुटं सुटं. मग १९७८ चा 'मोनोसेरॉस', आणि इथे गाडी एकदम वेगळ्याच रुळावर जाते. पहिल्या ट्रॅकला लांबच लांब एका दमात तो जे विणत नेतो ते ऐकताना शप्पथ वाटतं की दोन तीन माणसं वाजवतायत. आणि ही रेकॉर्ड टेपवर केलेली नाही, तेव्हा वाजवतानाच थेट तबकडीवर खाचा कोरल्या गेल्या, म्हणजे मधे थांबून दुरुस्ती करायची, जोडकाम करायची सोयच नाही. जे झालं ते झालं.

तो हे करतो कसं ते समजून घेतलं की निम्मी भीती जाते. एक म्हणजे श्वास तोडत नाही. गालात हवा साठवायची आणि ती गालांनीच वाद्यात ढकलत असताना नाकाने नवा श्वास घ्यायचा, आपले सनईवाले, पुंगीवाले करतात तेच. पण नुसता श्वास न तोडणं ही काय मोठी गोष्ट नाही, सराव केला की येते. खरी गंमत त्याच्यावर तो जे रचतो त्यात आहे. डाव्या हाताच्या बोटांचं एक आवर्तन चाललेलं असतं आणि उजव्या हाताचं दुसरं, दोन्हींची लांबी वेगळी, त्यामुळे ती सारखी एकमेकांना छेदत जातात आणि दर वेळी वेगळ्या ठिकाणी भेटतात. त्यावर जिभेचे आघात, ते तिसऱ्याच लयीत. आणि ओठांचा दाब इतका बारीक कमीजास्त करायचा की मूळ स्वर फुटून त्याच्या पोटातले वरचे स्वर सुटे होतात. ज्यांनी तानपुऱ्याजवळ बसून स्वयंभू गंधार ऐकलाय त्यांना हे लगेच कळेल, तार गंधाराची नसतेच तरी तो ऐकू येतो ना, तसंच. पार्कर ते स्वयंभू स्वर बाहेर काढून त्यांनाच नाचवतो. म्हणून ऐकताना एक करायचं, आधी थोडा वेळ फक्त सगळ्यात खालचा आवाज धरून ठेवायचा, वरचं जे काय चाललंय ते चालू दे. मग वरचा धरायचा. मग मधे कधीतरी एक थर गळून पडतो आणि आपण तो शोधायला लागतो. इतकं झालं की गोंगाट हा शब्द आपोआप गळतो.

आता त्या पत्रलेखकांकडे येतो. आपल्याकडे उपज आहे, म्हणजे आयत्या वेळी सुचलेलं गाणं-वाजवणं, मान्य. पण आपल्या उपजेला रागाचं घर आहे, बंदिश आहे, ताल आहे, कितीही लांब फिरून आलं तरी समेवर यायचंय हे गाणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांना माहीत असतं आणि निम्मा आनंद त्याचाच असतो. पार्करकडे सम नाही, राग नाही, आधी ठरवलेली धून नाही. नियम कुठून येतात तर फुप्फुसातून, बोटांच्या सवयीतून, रीड (तोंडाशी लावलेली, फुंकीने थरथरणारी पातळ पट्टी) त्या दिवशी कशी वागतेय त्यातून. हे श्रेष्ठ की ते श्रेष्ठ असली भांडणं मला नको आहेत, पण 'आमच्याकडे आधीपासूनच आहे' असं म्हणून ऐकायचंच टाळायचं ही आपली जुनी पळवाट आहे. आणि म्हणायचंच असेल तर निदान योग्य ठिकाणी बोट दाखवा ना. आपल्या ठाणे जिल्ह्यात, म्हणजे २०१४ च्या आधीच्या ठाणे जिल्ह्यात, आता पालघर, जव्हार डहाणूकडे वारल्यांचा तारपा आहे. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाची पानं, मेण, एवढ्यावर केलेलं वाद्य आणि वाजवणारा श्वास न तोडता तासन्‌तास वाजवतो, नाचणारे त्याच्याभोवती गोल फिरत राहतात. त्यातही तेच आहे, छोटा आकार पुन्हा पुन्हा, दर फेरीत किंचित बदललेला. पार्कर ऐकून मग तारपा ऐका किंवा उलटं करा, दोन्ही जास्त कळतील. पण आपल्या उपजेची फुशारकी मारणाऱ्यांपैकी किती जणांनी तारपा दहा मिनिटं सलग ऐकलाय? भिंतीवर वारली पेंटिंगची फ्रेम प्रत्येक फ्लॅटमध्ये आहे, त्यात मधोमध तो तारपावाला पण असतो, आवाज मात्र कुणाला माहीत नाही.

परत पार्करकडे. सोलोमध्ये माझा सगळ्यात आवडता 'द स्नेक डिसाइड्स', १९८६ चा. ऑक्सफर्डच्या सेंट पॉल्स चर्चमध्ये रेकॉर्ड केला आणि रेकॉर्ड करणारा होता मायकेल गर्झन, हा मूळचा गणितज्ञ, चहूबाजूंनी आवाज पकडायच्या अँबिसॉनिक्स तंत्रामागचा माणूस. त्यामुळे इथे चर्चची खोली हे दुसरं वाद्यच झालंय. भिंतींवरून परत आलेला आवाज पुढच्या आवाजात मिसळतो आणि पार्कर तो ऐकून त्याच्यावर पुढचं वाजवतो. (त्या चर्चचा पुढे कॅफे-बार झाला, आपल्याकडे झालं असतं तर मोर्चा निघाला असता.) तशाच एका चर्चमध्ये, लंडनच्या चिझिकला, २००१ साली केलेला 'लाइन्स बर्न्ट इन लाइट' पण ऐका, तोवर माणूस सत्तावन्नचा झालाय आणि वाजवणं जास्त मोकळं झालंय. हे दोन एकापाठोपाठ ऐकले की लक्षात येतं की या संगीतात रेकॉर्ड म्हणजे मैफलीची आठवण नाही. बंदिश लिहिलेली नाही, परत तेच वाजणार नाही, म्हणजे त्या दिवशीची ती खोली, तो माइक, ती रीड मिळून जे झालं तीच रचना. म्हणून मी म्हणतो कुठे आणि कोणी रेकॉर्ड केलं हे बघून ऐकावं, नुसतं यूट्यूबवर नाव टाकून पहिलं येईल ते लावू नये.

ग्रुपमधलं ऐकायचं तर १९७० चा 'द टोपोग्राफी ऑफ द लंग्ज', पार्कर, डेरेक बेली आणि ड्रमवर हान बेनिंक. हा इंकस नावाच्या लेबलचा, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचा, पहिलाच रेकॉर्ड, ते लेबल पार्कर, बेली आणि टोनी ऑक्सली या वाजवणाऱ्यांनीच काढलं होतं, कारण असलं संगीत कोण छापणार. पुढे बेली आणि पार्करचं बिनसलं, रेकॉर्ड वर्षानुवर्षं मिळत नव्हता, बेली २००५ मध्ये गेला आणि २००६ मध्ये पार्करने तो स्वतःच्या लेबलवर पुन्हा काढला. मैत्री तुटली तरी त्या रेकॉर्डमधली चुरस तशीच्या तशी आहे, बेनिंक तर खुर्ची टेबल काही ठेवत नाही असा बडवतो. जर्मन पियानोवाला श्लिपेनबाख, पार्कर आणि एक ड्रमवाला अशा तिघांचा १९७२ चा 'पाकिस्तानी पोमेड' जरा नंतर ऐका. १९९७ चा 'टुवर्ड द मार्जिन्स', ज्यात वाजवतानाच तिथल्या तिथे आवाज कंप्युटर आणि इलेक्ट्रॉनिक्समधून फिरवलाय, त्याचं कौतुक फार आहे पण मला त्यात सॅक्सोफोन कधी कधी बुडाल्यासारखा वाटतो. आणि सगळंच सोनं आहे असं नाही, या माणसाचे रेकॉर्ड इतके आहेत की काही नुसते लांबलेत, चार चांगले लोक एकत्र आले आणि कुणालाच काही सुचलं नाही असेही दिवस आहेत. ते पण ऐकले पाहिजेत असं नाही, पण धोका पत्करला की हे होणारच.

ऐकायची सोय हा वेगळाच विषय. काळा घोड्याचं रिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं, तबकड्या चोरबाजारात असल्या सापडत नाहीत, राहिला मोबाइल. ट्रान्स हार्बरच्या गर्दीत इअरफोनवर हे ऐकू नका, ते बारीक वरचे स्वर लोकलच्या खडखडाटात सगळे खलास होतात आणि मग खरंच गोंगाटच उरतो. घरी बऱ्या स्पीकरवर लावलं तर आमच्या शेजाऱ्यांनी बेल वाजवून विचारलं, ड्रिलिंग किती वेळ चालणार. घोडबंदर रोडला राहून ड्रिलिंगची तक्रार, तीही मेट्रोचं काम खिडकीखाली चालू असताना!

म्हणून एक सुचवणी, तुमच्या पेपरमार्फत कोणी मनावर घेतलं तर. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं आहे, इकडे गडकरी रंगायतन आहे, तिकडे वाशीला भावे नाट्यगृह आहे. अशा कुठल्याही ठिकाणची एखादी छोटी खोली महिन्यातून एका संध्याकाळी मिळाली, दोन चांगले स्पीकर मिळाले, तर पंचवीस तीस माणसं खुर्च्या टाकून शांत बसून रेकॉर्ड ऐकू शकतात. दिवाळी पहाटेला राम मारुती रोडवर जेवढा आवाज असतो त्याच्या शंभराव्या हिश्श्यात काम होईल. पहिल्या वेळेला 'मोनोसेरॉस'ची पहिली बाजू लावावी आणि ती संपली की जव्हारकडच्या एखाद्या तारपावाल्याला, व्यवस्थित मानधन देऊन, प्रत्यक्ष वाजवायला सांगावं. मधे भाषण नको, दीपप्रज्वलन तर नकोच. तुमच्या लेखकांना आणि त्या पत्रलेखकांना माझ्यातर्फे आमंत्रण द्या, चहा माझ्याकडून, वाद नंतर घालू.

आपला,
एक नियमित वाचक
कासारवडवली, ठाणे (प.)