ताई, तू सायकियाट्रीला जा

प्रिय ताई,

रविवारच्या फोनला आज चार दिवस झाले. परत फोन लावायचं धाडस होईना म्हणून हे टाइप करत बसलोय. आई झोपलीय. तू तिकडे अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनची, म्हणजे अंगाच्या आजारांची डॉक्टर, आणि तू म्हणालीस अण्णा, मला हे सोडून सायकियाट्रीची रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलमधलं ट्रेनिंग करायचंय, आणि माझ्या, तुझ्या बापाच्या, तोंडून पहिलं काय निघालं तर एवढं शिकून आता वेड्यांची डॉक्टर होणार का. तू गप्प झालीस. मग म्हणालीस ठेवते, कामं पडलीत. तुझ्याकडे रविवार सकाळचे दहा वाजले होते, सुट्टी होती तुला, मला माहीत होतं.

ते वाक्य मी मागे घेतो. आणि का मागे घेतो ते सांगायला पाहिजे, कारण अडतीस वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहिलेल्या माणसाच्या तोंडी हा शब्द यायलाच नको होता. मी जे बघितलंय ते तुला कधी सांगितलं नाही, घरात सांगायच्या गोष्टी नव्हत्या त्या.

आपल्या दुकानात एक बाई यायच्या, बार्शीच्या नव्हत्या, भूम परांड्याच्या बाजूच्या होत्या, मुद्दाम एवढ्या लांब यायच्या कारण इथे ओळखीचं कोणी नाही. महिन्यातून एकदा. आल्या की काउंटरच्या पार कडेला, तो सलाइनच्या खोक्यांचा ढीग असायचा ना, तिथे उभ्या राहायच्या. गिऱ्हाईक असेल तर अर्धा अर्धा तास थांबायच्या. सगळे गेले की पदराची गाठ सोडून चिठ्ठी काढायच्या, बारीक आठ घड्या घातलेली, सोलापूरच्या डॉक्टरांची. ओलान्झापिन लिहिलेलं असायचं, मनाच्या मोठ्या आजारावरची गोळी. मला म्हणायच्या भाऊ, गोळ्या या डबीत घालून द्या, आणि पिशवीतून बी कॉम्प्लेक्सची रिकामी डबी काढायच्या. मी एकेक गोळी पाकिटातून फोडून त्या डबीत टाकायचो. घरात सासूला, जावांना, पोरांना माहीत होतं की ही अशक्तपणाच्या गोळ्या खाते. मला वाटायचं मी त्यांना मदत करतोय, आणि खरंच सांगतो मला त्याचं समाधान पण वाटायचं.

पाच सहा वर्षांनी त्यांना शुगर निघाली. त्या गोळीने वजन वाढतं, शुगर वाढते, हे तुला मी काय सांगणार. पण शुगरच्या डॉक्टरांना त्यांनी ती गोळी सांगितलीच नाही, कारण ती तर अशक्तपणाची गोळी ना. ते डॉक्टर मेटफॉर्मिन वाढवत गेले, मग दुसरी गोळी, मग इन्सुलिन. दोन्ही चिठ्ठ्या माझ्याच काउंटरवर यायच्या, एक पदरातून आणि एक उघड हातातून, आणि दोन्ही चिठ्ठ्या एकत्र बघणारा जगात मी एकटा होतो, आणि मी काही बोललो नाही. डॉक्टरांच्या कामात केमिस्टने तोंड घालू नये असं आम्हाला शिकवलेलं. पुढे त्या यायच्या बंद झाल्या. काय झालं मला माहीत नाही ताई. अजून कधी कधी सलाइनच्या खोक्यांकडे नजर जाते.

आता त्या दोन चिठ्ठ्या एकाच डॉक्टरने बघितल्या असत्या तर? म्हणून तू जेव्हा म्हणतेस की माझी मेडिसिनची तीन वर्षं आणि वर हॉस्पिटलिस्टची, म्हणजे वॉर्डातले ॲडमिट पेशंट बघायच्या नोकरीची, दोन वर्षं वाया जाणार असं सगळे म्हणतात, तर मला ते पटत नाही. आधी मीही तेच म्हणालो, पण पटत नाही. वर्ल्ड हेल्थ ऑर्गनायझेशनचा आकडा आहे की ज्यांना मोठा मानसिक आजार असतो ते बाकीच्यांपेक्षा १० ते २० वर्षं लवकर जातात, आणि बरेचसे जातात ते हार्ट, शुगर, फुप्फुस असल्या साध्या कारणांनी, कारण त्यांचं अंग कोणी तपासतच नाही. तक्रार सांगितली की हा मनाचा खेळ आहे म्हणून परत पाठवतात.

दुसरा एक माणूस आठवतो, लिथियमवर होता, मूडच्या आजारावरचं औषध ते, चांगला स्थिर होता, ज्वारी काढणीच्या दिवसात कंबर धरली म्हणून दुसऱ्या दुकानातून डायक्लोफेनॅक या पेनकिलरच्या गोळ्या घेऊन आठ दहा दिवस खाल्ल्या. ऊन कसलं असतं तुला माहितीये, पाणी कमी पडतं. माझ्याकडे आला तो उलटीची गोळी मागायला. मी चहा दिला तर कप बशीवर वाजत होता, अर्धा चहा शर्टावर. मी विचारलं लिथियम चालू आहे का, तर आधी म्हणाला नाही. मग आजूबाजूला बघून म्हणाला हो. त्या वेळेस मात्र मी गप्प बसलो नाही, रिक्षात घालून दवाखान्यात नेला, डॉक्टरांना सांगितलं पेनकिलरने रक्तातली लिथियमची लेव्हल चढली असणार. वाचला. लिथियम घेणाऱ्याची किडनी, थायरॉइड, सोडियम, सगळं बघावं लागतं, क्लोझापिन असेल, तेही मनाच्या आजारावरचंच, तर पांढऱ्या पेशी मोजत राहावं लागतं, हे तर सगळं मेडिसिनच आहे. तू तिथे मोकळ्या हाताने जात नाहीयेस.

आणि एक गोष्ट, ही मला फार्मसीच्या डिप्लोमाला असताना सरांनी सांगितलेली, तेव्हापासून डोक्यात आहे. सर्पगंधा. आपल्याकडे तिची मुळी पूर्वापार वापरतात, बिहारकडे तर तिला पागल की दवा म्हणायचे. १९३१ मध्ये कलकत्त्याला गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं की या मुळीने बीपी उतरतं आणि वेडाचा झटकाही शांत होतो. मग आपल्या मुंबईचे रुस्तम जाल वकील, हार्टचे डॉक्टर, त्यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये बीपीच्या पेशंटवरचा अनुभव छापला आणि सगळ्या जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये सीबा या औषध कंपनीच्या लोकांनी त्यातून रेझरपिन हे औषध वेगळं काढलं आणि १९५४ मध्ये तिकडे न्यूयॉर्कला नेथन क्लाइन यांनी ते मानसिक रुग्णांना देऊन बघितलं. वकिलांना १९५७ मध्ये लास्कर अवॉर्ड, वैद्यकातलं मोठं बक्षीस, मिळालं. मी स्वतः ॲडेलफेनच्या गोळ्या किती विकल्यात, त्यात रेझरपिनच होतं, बीपीची गोळी म्हणून. आणि त्याच गोळीने काही लोक उदास व्हायचे, कशातच मन लागत नाही म्हणायचे, आणि त्यावरूनच पुढे डॉक्टर लोक मेंदूतल्या सिरोटोनिन बिरोटोनिन असल्या रसायनांचा विचार करायला लागले. एकच मुळी, बीपीला पण आणि मनाला पण. मग डॉक्टरने इकडून तिकडे गेलं तर लोक डिग्री वाया गेली का म्हणतात?

तू दिवाळीत तुझ्या त्या पेशंटचं सांगितलं होतंस, तेव्हाच माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं. तो तरुण मुलगा, दोन महिन्यांत तिसऱ्यांदा शुगर पाचशेच्या वर घेऊन ॲडमिट झालेला, प्रत्येक वेळी ड्रिप, इन्सुलिन, तीन दिवसांत घरी. फाइलवर लिहिलेलं औषध घेत नाही, सांगून ऐकत नाही. तिसऱ्या वेळी रात्री तू खुर्ची ओढून बसलीस आणि विचारलंस इन्सुलिन का घेत नाहीस, तर तो म्हणाला कशाला घेऊ. एवढंच. तू पाऊण तास बसलीस म्हणालीस, तुझा पेजर वाजत होता, तुला उठावं लागलं, आणि तुझा आवाज तेव्हा जसा झाला होता तसा मी दहावीच्या रिझल्टनंतर ऐकला नव्हता. तू म्हणालीस अण्णा, मला उठायचं नव्हतं.

आता व्यवहाराचं. मी चार दिवस वाचत बसलोय, चुकलं असेल तर सांग. सायकियाट्री चार वर्षांची, पण तुझं मेडिसिन झालेलं असल्याने पहिल्या वर्षाचं क्रेडिट मिळू शकतं, म्हणजे एकदम दुसऱ्या वर्षाला जागा मिळाली तर तीन वर्षं. पण अशा जागा मॅचमध्ये, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागा वाटायच्या तुमच्या त्या पद्धतीत, फारशा नसतात, कोणीतरी सोडून गेलं की निघतात, त्यामुळे सप्टेंबरच्या अर्जाची वाट बघत बसू नकोस, प्रोग्राम डायरेक्टरांना आत्ताच थेट मेल टाक. नाहीच जमलं तर पहिल्या वर्षापासून अर्ज कर, मार्चला कळेल. आणि ते मेडिकेअरच्या पैशांचं, म्हणजे रेसिडेंटच्या ट्रेनिंगसाठी सरकार हॉस्पिटलला देतं त्याचं, की पहिली रेसिडेन्सी तीन वर्षांची म्हणून पूर्ण पैसे तीनच वर्षं आणि पुढे हॉस्पिटलला थेट ट्रेनिंगच्या खर्चाचा भाग निम्मा मिळतो, त्यामुळे काही ठिकाणी तुला घ्यायला कचरतील. कचरू देत. सगळेच नाही कचरणार. तू ग्रीन कार्डावर आहेस हे नशीब समज, जे वन या ट्रेनिंगच्या व्हिसावर असतीस तर पहिल्या दोन वर्षांनंतर ब्रँच बदलताच आली नसती.

पगार पाव होईल. हे मला सगळ्यात जास्त बोचलं होतं, खोटं कशाला बोलू. चौतिसाव्या वर्षी परत रेसिडेंट, परत नाईट, घराचा हप्ता चालू. पण तुझं मेडिसिनचं बोर्डाचं सर्टिफिकेट आहे, लायसन्स आहे, प्रोग्रामने परवानगी दिली तर शनिवार रविवार हॉस्पिटलिस्टची ड्यूटी करता येईल, फक्त ते तास आठवड्याच्या ८० तासांत धरले जातात एवढं लक्षात ठेव आणि जिवाला जपून कर. जावईबापूंशी मी बोललो काल, तुला न विचारता बोललो, रागावू नकोस. ते म्हणाले अण्णा, दोन वर्षं ती रोज घरी येऊन एकाच प्रकारच्या पेशंटबद्दल बोलते, बाकीच्यांबद्दल कधीच नाही. हप्त्याचं त्यांनी सगळं मांडून ठेवलंय, तुला दाखवतील.

एका गोष्टीची मला खरी काळजी आहे आणि ती पैशाची नाही. तू लहानपणापासून दुसऱ्याचं दुःख घरी घेऊन येतेस. गल्लीतलं कुत्रं मेलं तर दोन दिवस जेवायची नाहीस. सायकियाट्रीत कधीतरी एखादा पेशंट जाईल, स्वतःच्या हाताने जाईल, आणि तू रात्रभर हिशोब करत बसशील की मी काय विचारायचं राहिलं. त्या दिवशी मला फोन कर. कितीही वाजू देत. मी काही शहाणपण सांगणार नाही, फोन धरून बसेन.

दुकानात आता मी नसतो, तुझा चुलतभाऊ बघतो, पण परवा जाऊन काउंटरच्या काचेवर टेलिमानसचा, मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर मोठा लिहून चिकटवला. आणि त्याला सांगून आलो की गोळ्या दुसऱ्या डबीत घालून मागितल्या तर घालून दे, पण आधी विचार की आणखी कुठली औषधं चालू आहेत, आणि जो कोणी डॉक्टर असेल त्याला सगळ्या चिठ्ठ्या दाखवायला सांग.

तुझं एमबीबीएसचं ट्रान्सक्रिप्ट आणि इंटर्नशिपचं सर्टिफिकेट लोखंडी कपाटातल्या निळ्या फाइलीत सापडलं. उद्या झेरॉक्सवाल्याकडून स्कॅन करून घेतो, दुपारपर्यंत व्हॉट्सॲपवर येईल. कॉलेजच्या शिक्क्याचं पाकीट लागणार असेल तर लगेच सांग, सोलापूरला जाऊन येतो. आई झोपायच्या आधी विचारत होती की तिकडे पण नाईट असतात का, तिला तूच सांग.

तुझा
अण्णा