फॉर्म नको, तूच ये

मालवण,
१२ ऑक्टोबर

प्रिय सुलभा,
सप्रेम नमस्कार.

मच्छीमारांच्या सर्वेक्षणाचा तुझा फॉर्म मिळाला. चाळीस प्रश्न, सगळे नीट क्रमाने लावलेले, आणि सोबत तुझा निरोप : "तिथल्या मच्छीमारांच्या ग्रुपवर टाक, आठवड्यात दोनशे उत्तरं येतील." येतील गं, जास्तही येतील. पण मी तो अजून पाठवलेला नाही. का, ते फोनवर धड सांगता येईना, म्हणून हे पत्र.

त्या ग्रुपवर आहेत कोण? नौकामालक, सोसायटीचे सभासद, शिकलेली पोरं. ट्रॉलरवर राबणारे नेपाळचे खलाशी त्यात नाहीत. डोक्यावर पाटी घेऊन वाडी-वाडीत मासे विकणाऱ्या बायका नाहीत. १९३६ साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीसाठी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, त्यांतल्या तेवीस लाखांच्या आसपास भरून परत आल्या, आणि त्यांवरून लँडन जिंकणार असं छापलं. जिंकले रूझवेल्ट, ४८ पैकी ४६ राज्यांत. पत्ते बरेचसे टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून घेतलेले. मंदीच्या काळात ज्यांच्या घरी यातलं काहीच नव्हतं, ते यादीतच नव्हते. शिवाय ज्यांना चीड होती त्यांनीच उत्साहाने उत्तरं पाठवली. तेवीस लाखांचं जर असं झालं, तर आपल्या दोनशेंची काय कथा?

आता तुझा सातवा प्रश्न घे. 'मुख्य व्यवसाय', आणि खूण एकाच चौकटीत करायची. आमच्या शेजारचा माणूस पहाटे रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, दोर ओढतो, दहा वाजता सिंधुदुर्ग किल्ल्यावर पर्यटकांची होडी नेतो, जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा भावाच्या शेतात लावणीला जातो. तो कुठे खूण करणार? करेल कुठेतरी, तुझं मन राखायला. तुला वाटेल, उत्तर मिळालं.

बायकांचं तर विचारूच नकोस. तीन वर्षांपूर्वी मी स्वतः अनुसूची, म्हणजे आपणच विचारून भरायचा प्रश्नांचा तक्ता, घेऊन घरोघर फिरले होते. इथल्या दांडी भागात एक काकी अंगणात बांगडे फाडत बसल्या होत्या. विळीवर पाठीकडून एकच काप, आतलं सगळं एका बोटाने बाहेर, मग मुठीने मीठ चोळून मासा टोपात. कोपरापर्यंत हाताला खवले चिकटलेले, कमरेला पैशांची पिशवी. मी विचारलं, "तुम्ही काय काम करता?" मान वर न करता म्हणाल्या, "मी काय करनंय नाय गो, घराकच आसतंय." आणि मी लिहिलं : गृहिणी. रात्री घरी येऊन वही वाचली तेव्हा माझं मलाच वाईट वाटलं. डोळ्यांनी जे बघितलं ते वहीत कुठेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी परत गेले. या वेळी काम विचारलंच नाही. "काकी, काल पहाटेपासून काय काय केलंत?" एवढंच. मग निघालं : चारला उठणं, लिलावाला जाणं, उधारीवर माल उचलणं, बर्फ, रिक्षा, विक्री, उरलेल्याला मीठ. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळ-वापर सर्वेक्षण केलं, तेही असंच होतं : आदल्या पहाटे ४ पासूनचे २४ तास, अर्ध्या-अर्ध्या तासाने. प्रश्न बदलला की माणूस दिसतो, हे मी त्या अंगणात शिकले.

आणखी एक चूक केली होती, तीही सांगते, म्हणजे तू करणार नाहीस. ती फेरी मी गणपतीच्या आठवड्यात काढली होती. सुट्टी होती, सोयीचं वाटलं. एरवी दोन म्हातारी माणसं असलेल्या घरात तेव्हा मुंबईहून आलेले धरून अकरा जण जेवत होते, आणि मी अकरा लिहिले. जनगणनेत कुटुंब म्हणजे सहसा एकत्र राहून एका चुलीवर जेवणारे. म्हणजे सहसा कोण जेवतं, हे विचारायला हवं होतं. कोकणात तारीख बघूनच दारात जावं.

समाजशास्त्रज्ञ घुर्ये आपल्या मालवणातच जन्मले, १८९३ साली, हे तुला माहीत असेलच. त्यांचा पुष्कळसा अभ्यास ग्रंथांच्या आधारावर. त्यांचेच विद्यार्थी श्रीनिवास मात्र १९४८ साली म्हैसूरजवळच्या एका गावात जाऊन राहिले. १९७० साली ते अमेरिकेत स्टॅनफर्डला असताना तिथल्या अभ्यासकेंद्राला आग लागली, त्यात वर्षानुवर्षं खपून तयार केलेल्या त्या गावच्या टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या, आणि तरी त्यांनी त्या गावावर पुस्तक लिहिलं ते मुख्यतः आठवणीतून. राहिल्याशिवाय असं गाव अंगात भिनत नाही.

म्हणजे मोजणी सोडून दे असं नाही. त्या काकींसारख्या किती, हे नुसतं शेजारी बसून कधीच कळणार नाही. त्याला सर्वेक्षणच लागतं. पण आधी पंधरा दिवस फक्त बघ, गप्पा मार, लिलावाची भाषा कानावर पडू दे. मग आपण वेगवेगळ्या याद्या करू : रापणकर, जाळीच्या होड्या, ट्रॉलरचे खलाशी, विकणाऱ्या बायका, सुकवणाऱ्या बायका. सोसायटीच्या एका यादीवर भागवायचं नाही. प्रत्येक यादीतून चिठ्ठ्या टाकून नावं काढू, आणि जी चिठ्ठी निघेल त्याच घरी जाऊ, मग ते टेकडीपल्याड का असेना. प्रश्न आधी दहा जणांना विचारून बघू. निम्मे तरी बदलावे लागतील. वहीत नावं नकोत, प्रत्येकाला एक क्रमांक दे. उधारीचं कोणी सांगितलं तर व्यापाऱ्याच्या कानावर जाता कामा नये.

दिवाळी झाली की ये. माडीवरची खोली रिकामी आहे. पहाटे रापण ओढताना मी तुला उठवीन. दोराला हात लावायला सांगतील, लाव. काकींना तू येणार हे सांगून ठेवलंय. त्या विचारत होत्या, "ती सुकट खाता मां?" मी हो म्हटलंय.

तुझीच,
नीला