बाबा, इंटरनेट म्हणजे तुमचं आरएमएसच आहे हो

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

पाकीट बघून आधी घाबरू नका, सगळं ठीक आहे. रोज फोन होतो आणि मधेच हे पत्र कशाला असं आई म्हणणारच, पण फोनवर मी बोलायला लागले की माझा आवाज चढतो, तुम्ही गप्प होता आणि आई "बरं ठेवते, कुकर लावलाय" म्हणते. म्हणून टाइप करून, प्रिंट काढून, चक्क पोस्टाने पाठवतेय. अक्षर मोठं ठेवलंय, चष्मा शोधायची गरज नाही.

मंगळवारी मी जे बोलले ना, "किती वेळा सांगायचं बाबा तुम्हाला", ते बोलायला नको होतं. फोन ठेवल्यावर अर्धा तास मी नुसती बाल्कनीत उभी होते. झालं काय होतं, तर कुणीतरी पेन्शन ऑफिसातून बोलतोय सांगितलं, हयातीच्या दाखल्यात चूक आहे, आज दुरुस्त केली नाही तर पेन्शन बंद, आणि तुम्ही मेसेजमधला नंबर वाचायला लागलात. आईनेच मला नंतर सांगितलं, तुम्ही तर लपवूनच ठेवणार होतात. सहापैकी तीन आकडे सांगून झाले होते म्हणे! म्हणजे तुमच्या पिनकोडच्या भाषेत तो सॉर्टिंग जिल्ह्यापर्यंत पोचला होता, फक्त पोस्ट ऑफिस राहिलं होतं. आणि आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "अहो, मिरजेच्या पेन्शनचा माणूस हिंदीत सर सर करत का बोलतोय?" आणि येऊन फोन कट केला. आई, तुला एक जरीची साडी माझ्याकडून.

त्या रात्री मला तुमची पिनकोडची गोष्ट आठवली. तुम्ही आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेतल्या टपाल सेवेत, लागलात आणि वर्षभरातच, १५ ऑगस्ट १९७२ ला, पिनकोड आला. सगळे जुने सॉर्टर वैतागलेले, "नंबरानं का टपाल जातंय होय, गावाला नाव आहे की!" आणि ते मामा, ज्यांना सगळी खेडी, कुठलं गाव कुठल्या पोस्टाखाली, सगळं तोंडपाठ होतं, त्यांना ते सहा आकडे काही केल्या बसेनात. तुम्ही रात्रीच्या गाडीत, डब्यातल्या त्या पिवळ्या दिव्याखाली, त्यांना शिकवायचात, पहिला आकडा ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेशाकडचा भाग, पहिले तीन ४१६ म्हणजे आपल्याकडचं कोल्हापूर-सांगली, शेवटचे तीन म्हणजे नेमकं पोस्ट ऑफिस, ४१६४१० आलं की मिरज. चार महिने लागले म्हणालात. चार महिने! मी तुम्हाला चार मिनिटं दिली नाहीत.

(आणि हो, पिनकोड काढणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठीच, टपाल खात्यात अधिकारी आणि वर संस्कृतात कविता करायचे, हे पण तुम्हीच सांगितलेलं. मी ऑफिसात सांगते तेव्हा कुणाला माहीत नसतं.)

तर आता ऐका. तुम्ही मला परवा विचारलंत "हे इंटरनेट नक्की असतं कुठं?" आणि मी म्हटलं "सगळीकडे." काय उत्तर झालं का हे! नीट सांगते. तुम्ही आईचा फोटो दादाला डब्लिनला पाठवता तेव्हा तो फोटो अख्खा जातच नाही. त्याचे बारीक तुकडे होतात, एकेक साधारण १५०० बाइटचा, बाइट म्हणजे इंग्रजी एक अक्षर मावेल एवढी जागा. प्रत्येक तुकड्यावर कुठून आलाय, कुठं जायचंय आणि कितवा नंबर, हे लिहिलेलं असतं. मग ते तुकडे एका जंक्शनवरून दुसऱ्या जंक्शनवर जातात. त्या जंक्शनला राउटर म्हणतात. तो तुमच्यासारखाच, अख्खा पत्ता वाचत बसत नाही, कुठल्या खान्यात टाकायचं एवढंच बघतो आणि टाकतो. एक लाइन बंद असली तर दुसरीकडून पाठवतो, तुम्ही नाही का पावसाळ्यात लाइन तुटली की बॅगा दुसऱ्या गाडीने फिरवून पाठवायचात. डब्लिनला पोचल्यावर दादाचा फोन तुकड्यांवरचे नंबर बघून ते ओळीने जोडतो आणि एखादा नाही मिळाला तर "१७ नंबर आला नाही, परत पाठवा" असं मागून घेतो. ही सोय मात्र तुमच्याकडे नव्हती, हरवलं की हरवलं!

आणि हे सॅटेलाइटवरून जातं असं तुम्हाला वाटतं ना, तसं नाहीये. एका देशातून दुसऱ्या देशात जाणारं जवळजवळ सगळं समुद्राच्या तळातून जातं, केबलमधून. मुंबईत वर्सोव्याला अशा केबल समुद्रातून वर येतात. खोल समुद्रात ती केबल आपल्या बागेतल्या पाण्याच्या पाइपाएवढीच जाड असते, आत काचेचे केसासारखे धागे आणि त्यातून उजेड पळतो. तुम्ही रोज रात्री नातवाशी बोलता ते या पाइपातून.

पत्त्याचं म्हणाल तर प्रत्येक मशीनला नंबर असतो, आयपी अॅड्रेस म्हणतात, तोच पिनकोड समजा. पण माणसं नंबर लक्षात ठेवत नाहीत, नाव टाइप करतात. मग नाव सांगितलं की नंबर काढून देणारी एक यंत्रणा आहे, डीएनएस. ती म्हणजे तुमचे मामा. गावाचं नाव म्हणा, पोस्ट सांगतील.

हे सगळं सांगायचं कारण की तुम्ही फोन हातात घेताना असे बिचकता, जणू काय परक्याच्या घरात शिरलोय. तुमचंच खातं आहे हो हे, फक्त सुतळी, लाख आणि पितळी शिक्का गेला.

आता आईचं. आई, तुझा मोबाइल "स्टोरेज फुल" म्हणतो आणि तू नेट पॅक मारायला सांगतेस, तर त्या दोन गोष्टी वेगळ्या. स्टोरेज म्हणजे आपलं माळ्यावरचं सामान ठेवायची जागा आणि नेट म्हणजे सामान ने-आण करायचं भाडं. माळा भरला म्हणून रिक्षाला जास्त पैसे देऊन काय होणार? माळा कशाने भरलाय ते मी दिवाळीत बघितलं, सुप्रभातचे फोटो, गुलाबाचं फूल, वर दवबिंदू, खाली सुविचार, दिवसाला पंधरा-वीस. मी एक उघडून बघितला, २३० केबीचा होता, केबी म्हणजे साधारण हजार बाइट. आणि हे एवढं लांबलचक पत्र, कॉम्प्युटरमध्ये मराठीचं एकेक अक्षर, काना, मात्रा तीन-तीन बाइट खातं तरीसुद्धा, २५-३० केबीत बसतंय. म्हणजे तुझ्या एका गुलाबात माझी अशी सात-आठ पत्रं मावतील. व्हिडिओंचं तर बोलायलाच नको. ते फोटो काढून टाकले म्हणून पाठवणारी रुसत नाही गं, तिच्याकडे तिची कॉपी राहते, तिला कळत पण नाही.

आणि क्लाउड. तू विचारलंस "ढगात फोटो ठेवलेत तर पाऊस आल्यावर काय?" मी हसले, पण ते नावच वाह्यात आहे. ढग बिग काही नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी मोठ्या बिल्डिंगमधले कॉम्प्युटर. नवी मुंबईत ऐरोली-महापे भागात अशा बिल्डिंगा आहेत, आत माणसं कमी, कपाटंच्या कपाटं मशीनची आणि चोवीस तास एसी. आपण आपली ट्रंक तिथं ठेवायला दिलीय एवढंच. किल्ली म्हणजे पासवर्ड. तो तू कॅलेंडरच्या मागे लिहून भिंतीला लावलायस, गॅस बुकिंगच्या तारखेखाली. तो काढ. वहीत लिहून कपाटात ठेव, वहीला माझी हरकत नाही, भिंतीला आहे.

वायफायचं एकदाच सांगते, कारण दर आठवड्याला त्यावरून तुमच्या दोघांची भांडणं होतात. हॉलमधल्या पांढऱ्या डब्यापासून तुमच्या फोनपर्यंतची जी दहा-वीस फुटं आहेत ना, तेवढंच वायफाय. डब्याच्या मागे जी वायर येते ते इंटरनेट. त्यामुळे फोनवर वायफायच्या रेघा पूर्ण दिसतात आणि तरी काही उघडत नाही असं होऊ शकतं, पोस्टमन दारात उभा आहे पण बॅगच आली नाही. डब्यावर एलओएस लिहिलेला दिवा लाल झाला असेल तर वायरच कुठंतरी तुटलीय, बंद-चालू करत बसू नका, कंप्लेंट करा. बाकी वेळी एकदा बंद करून दोन मिनिटांनी चालू करायचं. बाबा, तुम्ही त्याला पंख्यासारखं रोज रात्री बंद करता, त्याने काही बिघडत नाही, पण सकाळी माझे मेसेज एकदम येतात आणि मग तुम्ही विचारता रात्री दोनला का जागी होतीस.

आता परत त्या मंगळवारच्या माणसाकडे. ओटीपी, म्हणजे मेसेजमध्ये येणारा तो सहा आकडी नंबर, हा बॅगेवरचा लाखेचा शिक्का समजा, एकदाच वापरायचा, आणि शिक्का मारायचा अधिकार फक्त तुमचा. तुम्ही कधी स्टेशनवर उभ्या माणसाला शिक्का हातात दिला असतात का? पोलिसाने मागितला तरी? मग हे तसंच. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही, मनीऑर्डर घेताना निदान सही तरी लागायची, इथं तेही नाही. कुणी म्हणालं "पैसे पाठवतोय, पिन टाका" तर तो चोर, यात दुसरी शक्यता नाही. व्हिडिओ कॉलवर खाकी घालून "तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय" म्हणणाराही चोरच, असली अटक आपल्या कायद्यात नाही. आणि व्हॉट्सअॅपवर एपीके नावाची फाइल आली, लग्नपत्रिका म्हणून आली तरी, उघडायची नाही. ती पत्रिका नसते, घरात राहायला आलेला पाहुणा असतो, सगळे मेसेज वाचणारा. आणि समजा कधी चुकलंच, तर मला घाबरून लपवू नका. आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करायचा, लगेच, जेवढ्या लवकर कराल तेवढे पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त, मग बँकेला, मग मला. मी ओरडणार नाही. बरं, एकदा "अय्यो" म्हणेन.

हयातीचा दाखला तुमचा नोव्हेंबरमध्ये असतो. त्यासाठी कुणाच्या फोनवर काही सांगायची गरजच नाही. आपला पोस्टमन घरी येऊन त्याच्या मशीनवर करून देतो, किंवा मी दिवाळीला आले की माझ्या फोनवर तुमचा चेहरा दाखवून करू, डोळे मिटायचे-उघडायचे एवढंच काम.

एक मात्र माझं चुकलं असं मला वाटतं. लाइट बिल ऑनलाइन, बँक ऑनलाइन, गॅस ऑनलाइन, "कशाला उन्हात जाता" म्हणून मीच सगळं बंद करून टाकलं. परवा आई म्हणाली १ तारखेला पेन्शनच्या रांगेत तुमची सगळी जुनी बॅच भेटायची, मग स्टेशनसमोर चहा व्हायचा, आता ते सहा महिन्यांत घडलं नाही. मला हे सुचलंच नव्हतं, मी फक्त रांग बघितली. तेव्हा बाबा, पैसे खात्यात येऊ देत, पण तुम्ही पासबुक घेऊन जा. एंट्री मारायला म्हणून जा. छत्री न्या.

आता तुम्हाला एक काम. हे पत्र स्पीड पोस्टाने टाकतेय आणि पावतीचा फोटो तुमच्या फोनवर पाठवतेय. त्यावर १३ अक्षरी नंबर आहे, सुरुवात ई ने, शेवट आयएन. इंडिया पोस्टच्या साइटवर तो टाकायचा, तुम्ही स्वतः, आईला न विचारता. साइट खरी की खोटी हे असं ओळखायचं, वरच्या पट्टीत सुरुवातीचं एचटीटीपीएस आणि त्यामागच्या दोन तिरक्या रेघा दिसल्या तर त्या सोडून, पुढच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी जे नाव असतं ते शेवटाकडून वाचायचं, जसं तुम्ही पाकीट हातात आलं की खालचा पिन आधी बघायचात. शेवट जीओव्ही डॉट इन असेल आणि त्याच्या लगेच आधी इंडियापोस्ट असेल तर ठीक, बाकी कितीही पोस्टाचं चित्र असो, बंद करायचं.

तिथं बॅग कधी बंद झाली, कुठून निघाली, कुठं उतरली, सगळं वेळेसकट दिसेल. मी बघितलं तर मला नुसत्या ओळी दिसतात, तुम्हाला कळेल कुठं उगाच पडून राहिली ती. संध्याकाळी फोन करून सांगा.

तुमची,
चिमू

ता. क. आई, व्हिडिओ कॉलवर फोन थोडा खाली धर. तीन महिने झाले मी पंख्याशी बोलतेय.