टॉवर, वास आणि आईची कॉइल

कोपरखैरणे,
रविवार, रात्री

प्रिय नंदू,

परवा तुझा फोन कट केला, रागावू नकोस. सोसायटीची मीटिंग चालू होती. गच्चीवर मोबाइलचा टॉवर बसवू द्यायचा का, एवढाच विषय, पण दोन तास भांडण! भाड्यात लिफ्टची दुरुस्ती सहज निघाली असती. तळमजल्यावरच्या काकू उभ्या राहिल्या, "आमच्या नातवंडांना कॅन्सर झाला तर कोण भरून देणार?" झालं, नकारासाठी सगळे हात वर. माझाही, खोटं कशाला बोलू! टॉवरच्या किरणांची मर्यादा आपल्याकडे २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे, हे मला ठाऊक होतं. काकूंपुढे बोलायची हिंमत झाली नाही.

मीटिंग संपवून खाली उतरलो तर तोच वास. थंडीत रात्री वारा डोंगराकडून खाडीकडे सुटतो आणि वाटेत एमआयडीसी. थंड हवा वर चढत नाही, मग जे काही सोडलेलं असतं ते आपल्या खिडकीत. कुजक्या कोबीसारखा, मध्येच नेलपॉलिशसारखा. एकानेही चकार शब्द काढला नाही, नाकाला रुमाल लावून आपापल्या लिफ्टकडे. मागे ताई साताऱ्याहून आली होती, ती रात्री दचकून उठली आणि शेगडीचे नॉब तपासायला लागली. मी म्हटलं, "झोप गं, हे रोजचंच आहे." माझं हे वाक्य मलाच नंतर टोचलं. एकदा तक्रार केली होती मी. माणूस आला तो दुपारी दोनला, तेव्हा वास कुठला असायला!

खरी गंमत पुढे. घरात आलो तर आईने पलंगाखाली डासांची कॉइल लावलेली, दारं-खिडक्या बंद, वर पंखा. तिला खोकला, पाळण्यात पिंकी. २००३ च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात असं मोजलं होतं. मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या लहानपणीही लावायचो, मेलास का?"

चॉन्सी स्टार नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९६९ मध्येच लिहून ठेवलंय, स्वखुशीने पत्करलेला धोका माणूस लादलेल्या धोक्यापेक्षा सुमारे हजारपट सहन करतो. टॉवर लादलेला, दिसायला राक्षस. कॉइल आपल्या हातची, दहा रुपयांची. आणि वास? लादलेला खरा, पण रोजचा. त्याची भीतीच विरून गेलीये. शिवाय काकूंवरही हसवत नाही मला. वासावर कोण ऐकत नाही, निदान टॉवरला तरी "नाही" म्हणता आलं.

काल मच्छरदाणी आणली. आई म्हणते, जाळीत जीव गुदमरतो. पिंकीच्या पाळण्याला बांधून दिलीये, आणि कॉइल सध्या बाल्कनीत आहे. मी झोपलो की ती आत आणते, मला माहीत आहे.

तुझा,
बाळ्या