छायाचित्रातल्या माणसाचे नाव छापा

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला जैसलमेरच्या सहलीवरचा लेख वाचला. किल्ला, पटवांच्या हवेल्या, समचे वाळूचे डोंगर, उंट, सगळे आले. सोबतच्या छायाचित्रात फेटा बांधलेले एक म्हातारे गृहस्थ मांडीशी वाद्य धरून बसले आहेत आणि खाली छापले आहे, 'राजस्थानी लोककलाकार'. माणसाचे नाव नाही, वाद्याचेही नाही. वाईट वाटले.

ते वाद्य कमायचा. मी मिरजेचा, आयुष्य तंबोऱ्यांच्या कामात गेले. दोन वर्षांपूर्वी तिकडे गेलो तेव्हा कमायचा हातात घेऊन पाहिला. गोल पोट आणि दांडी एकाच लाकडातून कोरलेली, लाकूड आंब्याचे. पोटावर बकऱ्याचे कातडे, मुख्य तारा आतड्याच्या, म्हणजे आपली तात. गज फिरला की आवाज छातीतून निघाल्यासारखा घुमतो. आदल्या रात्री तंबूंच्या मुक्कामात आमच्याच बसमधल्या मंडळींनी सिनेमाची गाणी मागितली. ती पेटीवर झाली आणि कमायचा खोळीतच राहिला. सकाळी मी विनंती केली, तेव्हा तो वाजवणाऱ्या बुजुर्गांनी अर्धा तास नुसता सुरात लावला. मग वाजवले.

हे वाजवणारे मांगणियार, पिढीजात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा समाज. धर्माने मुसलमान, यजमान, म्हणजे आश्रय देणारी घराणी, बहुतेक हिंदू राजपूत. यजमानाकडे जन्म असो की लग्न, यांच्या गाण्याशिवाय होत नाही, आणि त्या घराण्याची वंशावळ यांना तोंडपाठ. आपल्याकडे हेळवी पिढ्यांची नावे सांगत येतो, तसेच. वाळवंटातल्या गावांचा इतिहास असा यांच्या गळ्यात राहिला आहे.

हमीरा गावच्या साकर खाँना कमायचासाठी २०१२ साली पद्मश्री मिळाली. पुढच्याच वर्षी ते गेले. लोककलांचे अभ्यासक कोमल कोठारींनी लेखक विजयदान देथांच्या बरोबरीने १९६० मध्ये बोरुंदा या खेड्यात रूपायन संस्थान ही लोककलांच्या अभ्यासाची संस्था उभी केली आणि मांगणियारांची आणि लंगा या तशाच दुसऱ्या गायक समाजाची गाणी गावोगाव फिरून ध्वनिमुद्रित केली. नावानिशी, गावानिशी. थरच्या कोणत्याही लेखात कोठारींचा उल्लेख असायलाच हवा, असे मला वाटते.

छायाचित्र तुमच्याच माणसाने काढले असेल, तर कृपया त्या गृहस्थांचे नाव आणि गाव विचारून पुढच्या रविवारी छापावे. जागा कमी पडत असेल तर माझे पत्र वगळा, त्यांचे नाव छापा.

— एक वाचक, मिरज