रायबंदरहून आई-बाबांना

रायबंदर, गोवा
१४ एप्रिल, रात्री

प्रिय आई, बाबा,

प्रभूच्या नावात सलाम.

हे फोनवरच सांगणार होते. चार रविवार झाले, तुमचा आवाज ऐकला की ओठांवर आलेलं परत आत जातं. आई विचारते जेवलीस का, मी हो म्हणते आणि फोन ठेवते. म्हणून लिहायला बसले. बाबा, तुम्ही चष्मा लावून आईला मोठ्यानं वाचून दाखवा, आणि मधलं काही गाळू नका. तुम्हाला ती सवय आहे.

मी जहाजावरची नोकरी सोडली. ३१ मार्चला शेवटचा दिवस होता. पर्वरीच्या फ्लॅटचं बुकिंगही रद्द केलं. मला कुणी काढलं नाही, कुणाशी भांडण झालं नाही, आणि तब्येत चांगली आहे. हे मी माझ्या मनानं केलं.

आई, आधी पैशांचं सांगते, नाहीतर तू पुढचं ऐकणारच नाहीस. तुमच्या दोघांच्या मेडिक्लेमचा हप्ता वर्षभराचा भरून झाला आहे. कामाच्या मावशींचे पैसे दर महिन्याच्या पाच तारखेला येतात तसेच येतील. इन्व्हर्टरची बॅटरी बदलायची आहे, ती मी आल्यावर बदलू. बिल्डरनं चाळीस हजार कापून बाकीचे पैसे परत दिले, ते बाबांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी वेगळे ठेवले आहेत आणि त्यांना मी हात लावणार नाही. पणजीत औषधांच्या एका होलसेल दुकानात हिशेबाचं काम मिळालं आहे. पगार आधीच्या निम्म्याहून थोडा कमी आहे. पण सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, रविवारी सुट्टी, आणि रायबंदरहून बसनं पंधरा मिनिटांत पोचता येतं. माझं भागेल. मी सगळं लिहून काढलं आहे, भाड्यापासून गॅसपर्यंत. भागेल, आई.

लिफ्टचा फ्लॅट, खिडकीतून नदी, तुम्हा दोघांची वेगळी खोली, हे सगळं मीच तुम्हाला दाखवलं होतं. तू महिला मंडळात सांगितलंस तेही मला माहीत आहे. ते आता होणार नाही याचं मला वाईट वाटतं, तुझ्यापेक्षा जास्त वाटतं. पण माझी इथली खोली तळमजल्यावर आहे, एकही पायरी नाही, कमोड आहे, दाराशी फणसाची सावली आहे. पावसाळा संपला की दोन महिने इथेच या. घरमालकीणबाई रोज विचारतात, 'जेवलें गो बाये?' आणि मी नाही म्हटलं तर पेजेचा वाडगा घेऊन येतात. संध्याकाळी त्यांच्या घरात तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चालते, ती ऐकत मी भाजी निवडते. बाबा, तुम्हाला रायतूरला न्यायचं आहे. फादर स्टीफन्सचं ओव्यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली तिथे छापलं गेलं. तुम्हाला आवडेल.

आता का सोडली ते सांगते.

मी कॅसिनोच्या 'केज'मध्ये होते, म्हणजे जिथे पैसे देऊन चिप्स घेतात आणि चिप्स देऊन पैसे घेतात ती काचेची खिडकी. तुम्हाला मी 'अकाउंट्स' एवढंच सांगत आले. तिथली माणसं वाईट नव्हती, कुणी माझ्याशी वावगं वागलं नाही. आणि २०२० पासून गोव्यातल्या लोकांना तिथे खेळायला बंदी आहे. त्यामुळे मी मनाला सांगायचे की आपल्या आजूबाजूची घरं तर काही बुडत नाहीत, जे येतात ते लांबचे, पैसेवाले, दोन दिवस मजा करून जाणारे. दादाचं मी इथे लिहीत नाही. आपल्या तिघांना ठाऊक आहे. पण आईनं पाटल्या काढून दिल्या तो दिवस ज्यानं पाहिलाय, त्यानं त्या खिडकीत पाच वर्षं बसायला मनाला काय काय समजवावं लागलं असेल, याचा तुम्ही विचार करा. मी समजवलं. रोज थोडं थोडं समजवलं, आणि मग समजवायचीही गरज उरली नाही.

जानेवारीत पहाटे चारच्या सुमारास एक माणूस खिडकीशी आला. चाळिशीचा, अंगात हातानं विणलेला स्वेटर. त्याच्याकडे चिप्स नव्हत्या. घड्याळ घ्याल का म्हणाला. आमच्याकडे घड्याळ घेत नाहीत, तसं सांगितलं. मग बेळगावच्या बसपुरते पैसे मागितले. मी म्हटलं, बाजूला व्हा. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही आमच्या मिरज-सांगलीकडच्या ना? बोलण्यावरून कळतंय."

मी म्हटलं, "नाही."

बाबा, पेत्रालाही त्या अंगणात बोलण्यावरूनच ओळखलं होतं ना? तुम्ही मला ते गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री वाचून दाखवायचात, आणि मला पेत्राचा राग यायचा. मी त्या माणसाला तीनदा नाही म्हणाले नाही, एकदाच म्हणाले. पण म्हणताना मला काही वाटलं नाही, आणि तेच मला अजून झोपू देत नाही. आमच्या सिक्युरिटीतल्या झारखंडच्या एका पोरानं त्याला पाचशे रुपये दिले. त्या पोराचा पगार माझ्या एक तृतीयांशही नव्हता. शिफ्ट संपल्यावर फीडर बोटीनं पणजीच्या धक्क्यावर उतरले आणि बांधावरून रायबंदरपर्यंत चालत आले. अंधार होता. घराजवळ पोचले तेव्हा पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजत होता. मी दारात बसून रडले.

त्या दिवसापासून मागचं सगळं नीट दिसायला लागलं. काय दिसलं ते सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही.

गेल्या वर्षी इथल्या आपल्या मराठी उपासनेत कापणीच्या सणाला लिलाव झाला. कुणाच्या तरी परसातली एक पपई होती. मी पाच हजारांना घेतली. टाळ्या वाजल्या, पाळकसाहेबांनी पुढे बोलावलं. माझ्या शेजारी एक म्हाताऱ्या आजी बसल्या होत्या, घरोघरी धुणंभांडी करणाऱ्या. त्यांनी केळ्यांची अर्धी फणी चाळीस रुपयांना घेतली, तेही चुरगळलेल्या नोटा मोजून. मी तेव्हा त्यांच्याकडे पाहून हसले. प्रेमानं हसले असं मला वाटलं. आता आठवलं की कळतं, वरून खाली पाहत होते. आई, तू संडेस्कूलमध्ये दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट सांगायचीस तेव्हा मी नेहमी तीच व्हायचे, डोक्यावर तुझी ओढणी घेऊन. आणि एवढी मोठी झाल्यावर मी पुढे उभं राहणारा परूशी झाले. दशमांशाचं पाकीट दर महिन्याला मंडळीत पोचायचं. मी मात्र पोचत नव्हते, शनिवारच्या रात्रपाळीनंतर झोपलेली असायचे.

तुमच्या बाबतीतही तेच झालं. बाबा गेल्या पावसाळ्यात न्हाणीघरात पडले, तेव्हा मी दहा मिनिटांत वीस हजार पाठवले. 'आणखी लागले तर सांग' असा मेसेजही केला. आले मात्र नाही. वीकेंड होता, सुट्टी मागितली असती तर बढती मागे पडली असती. तू बाबांना धरून एकटीनं रिक्षात बसवलंस, हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं. मार्काच्या शुभवर्तमानात प्रभू त्या लोकांना काय म्हणतो ते आठवा, जे आईबापांना म्हणतात की तुम्हाला माझ्याकडून जे मिळायचं ते 'कुर्बान' आहे, देवाला वाहिलेलं आहे, आणि तेवढं म्हणून मोकळे होतात. मी पपईला पाच हजार दिले, तुम्हाला वीस हजार दिले, आणि दोन्हीकडून मोकळी झाले.

मोह म्हणजे काहीतरी घाणेरडं, दारू नाहीतर चोरी, असं मला वाटायचं. माझ्याकडे तो तुमचं नाव घेऊन आला. आईबाबांना लिफ्टचा फ्लॅट, मंडळीला जास्त दान. बाबा, ९१ वं स्तोत्र तुम्ही रोज रात्री दिवा मालवण्याआधी म्हणता. रानात चाळीस दिवसांच्या उपासानंतर सैतान प्रभूला मंदिराच्या शिखरावर नेतो, तेव्हा त्याच्या तोंडी तेच स्तोत्र आहे, दूत तुला हातांवर झेलतील हे तिथलंच आहे. मी हे कितीदा वाचलं असेल! पण सैतानालाही पवित्र शास्त्र पाठ आहे हे मला या उपवासकाळात पहिल्यांदा खऱ्या अर्थानं कळलं. आणि लूक शेवटी लिहितो की तो संधी मिळेपर्यंत निघून गेला. कायमचा नाही गेला. मी तर बाप्तिस्मा झाला, दृढीकरण झालं, आता कशाची भीती, असं धरून बसले होते.

तुम्ही मला पहिल्यांदा गार्डाच्या डब्यातून लोंढ्याच्या पुढे आणलंत तेव्हा मी सात वर्षांची होते. मीटरगेज होतं. कॅसल रॉकला गाडी किती वेळ उभी होती, आणि मला दूधसागर बघायची घाई. तुम्ही व्हॅक्यूमच्या घड्याळावर बोट ठेवून दाखवलंत. म्हणालात, इथून खाली कुळेपर्यंत ३७ फुटांना एक फूट उतार आहे, ब्रेक बघायचा तो इथे, वर, गाडी उभी असताना. काटा बघितल्याशिवाय तुम्ही हिरवा झेंडा दाखवला नाहीत. आणि दर फेरीला बघायचात, काल बघितला होता म्हणून आज सोडून दिलं असं एकदाही नाही. मी प्रार्थना सोडली ती अशी कुठल्या एका दिवशी सोडली नाही. काल केली होती, म्हणून आज राहू दे, असं होत गेलं.

त्याच वर्षी मी दानपेटीत टाकायच्या चार आण्यांचं गारेगार खाल्लं होतं. आठवतं? लाल झालेली जीभ घेऊन मी तुमच्याशेजारी गीत म्हणत उभी होते. तुम्ही काही बोलला नाहीत. पुढच्या रविवारी तुमचं स्वतःचं नाणं माझ्या मुठीत ठेवलंत, मूठ मिटलीत आणि पेटीपर्यंत तसाच माझा हात धरून आलात. मला आज तसंच हवं आहे, बाबा. रागवा हवं तर. पण हात धरा.

तुम्ही एकदाच विचारलं होतंत, जहाजावर नक्की काय काम असतं गं? मी विषय बदलला आणि तुम्ही बदलू दिलात. त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. तुम्ही वाट बघत होतात हे मला कळतं.

आई, आता एक ऐक. मी नोकरी सोडली हे मंडळीत साक्ष म्हणून सांगू नकोस. मला स्वतःची भीती वाटते. पपईवर टाळ्या घेतल्या, आता त्यागावर घेईन. 'हॉटेलात मॅनेजर आहे' असं तू सांगत आलीस, ते खोटं मी तुझ्या तोंडी घातलं, त्यासाठी तू मला माफ कर. कुणी विचारलं तर औषधांच्या दुकानात हिशेब लिहिते एवढंच सांग. आणि रात्री नऊला मी फोन करेन, रोज. एक अध्याय बाबा वाचतील, एक मी. मी दमले आहे म्हटलं तरी वाचायला लावा.

बीपीची गोळी सकाळी नाश्त्यानंतर, आधी नाही. आई, तू हॉस्पिटलात तीस वर्षं दुसऱ्यांना वेळेवर गोळ्या दिल्यास आणि स्वतःची विसरतेस, हे चालणार नाही. न्हाणीघरातली ती निळी प्लॅस्टिकची चटई फेकून द्या, घसरते. मी रबराची घेऊन येतेय. बाबांनी टाकीत पाणी बघायला गच्चीवर चढायचं नाही. कुणीही चढायचं नाही. सुका बांगडा आठवड्यातून एकदाच, आणि लोणचं बाबांच्या ताटात वाढूच नकोस, मागितलं तरी. शुगरचा रिपोर्ट काढून ठेवा, मी बघणार आहे. पर्वरीच्या घरासाठी तू पडदे शिवून ठेवलेस ना? ते दे मला. इथल्या खिडक्या लहान आहेत, पण कापून बसतील.

शनिवारी गोवा एक्सप्रेसनं निघतेय, आठ दिवस आहे. गाडी मिरजेत रात्री पोचते, तेव्हा बाबा, तुम्ही स्टेशनवर येऊ नका. मला माहीत आहे तुम्ही याल. निदान काठी घेऊन या, आणि गार्डाच्या डब्याजवळ उभे राहा, मी मागच्याच डब्यात असेन.

तुमची
छकुली