कामितुगाहून वैशूला

कामितुगा, काँगो
१० नोव्हेंबर २०२४

प्रिय वैशू,

‘परत आलीस की मिठी मारू ना गं, की तो एमपॉक्स नुसत्या हात लावण्याने होतो?’ तुझा प्रश्न वाचून हसले. मार, पण लगेच नको.

हे सोन्याच्या खाणींचं गाव. एमपॉक्स म्हणजे पूर्वीचा मंकीपॉक्स, अंगावर फोड उठवणारा विषाणूचा आजार. त्याची ही साथ गेल्या वर्षी सप्टेंबरात इथेच पहिल्यांदा लक्षात आली. खाणमजूर आणि बारमध्ये धंदा करणाऱ्या बायका, आधी त्यांच्यातच फिरली. संबंधाच्या वेळी फोडांची कातडी कातडीला घासते, तेवढं पुरतं. म्हणून कितीतरी जणांना पहिला फोड गुप्तांगावरच उठला. मग माणसं हिंडली आणि आजार बुरुंडी, रवांडा, युगांडा, केनियात पोचला.

पण वॉर्डात आता लेकरंही भरपूर. काल एक बाई दीड वर्षाच्या पोराला पाठीशी फडक्यात बांधून आली. तिच्या मानेखाली खपल्या धरलेल्या, आणि पोराचा डावा गाल नेमका तिथेच टेकायचा. त्याचा पहिला फोड त्याच गालावर. आम्ही काही विचारायच्या आतच ती म्हणाली, ‘मी बारमध्ये काम करत नाही.’ या लाजेपायी बायका फोड लपवतात, आणि तोवर घरातली सगळी एकाच पांघरुणात झोपलेली असतात.

पांघरुणाचं काय घेऊन बसलीस म्हणशील. अगं, २०१८ साली इंग्लंडात रुग्णालयातल्या एका कर्मचारी बाईला रुग्णाच्या चादरी बदलताना लागण झाली असावी, असं मानतात. म्हणून मी इथे दिवसभर एकच सांगते: अंथरूण झटकू नका, टॉवेल वेगळा ठेवा. खपल्या गळून खाली नवी कातडी येईपर्यंत धोका असतोच. श्वासातूनही लागू शकतो, पण त्याला तोंडाजवळ तोंड आणून बराच वेळ बसावं लागतं, कोरोनासारखं नाही. पश्चिमेकडच्या इक्वातर प्रांतात तर जंगली जनावरांपासूनही होतो. १९७० साली माणसातला पहिला रुग्ण तिथलाच, नऊ महिन्यांचं बाळ.

तुझ्या आईच्या दंडावर देवीचा वण आहे ना? त्या लशीने हा आजारही बराच अडतो. देवी गेल्या, लस थांबली, आपण दोघी कोऱ्याच राहिलो.

आता मिठीचं. लागण झाल्यावर अंगावर काही उठायला एकवीस दिवसांपर्यंत लागू शकतात. घरी आले की तेवढे मोजेन. तोवर तुझ्या छकुलीला दारातूनच बघेन, रुसू नकोस.

तुझीच,
मेधा